वाळूंतील वाट व पाठीवरची शिदोरी

साठी उलटली म्हणजे मनुष्यानें काशीयात्रा करावी, असा आपल्याकडील संकेत आहे. मी मात्र बासष्टाव्या वर्षीं काशीस न जातां सहारा वाळवंटाच्या कडेस जाऊन आलों. २०१९ सालच्या एप्रिल महिन्यांतील ही हकीकत. आज इतक्या वर्षांनीं ती वाचकांपुढें मांडण्याचें कारण लेखाच्या ओघांत येईलच; प्रथम या प्रवासाचें निमित्त सांगतों.

आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकास मोरोक्को नांवाचा देश आहे. त्याच्या दक्षिणेकडील वाळवंटांत प्रतिवर्षीं एक दौड होते. तिचें फ्रेंच नांव ‘माराथों दे साब्ल’, म्हणजे वाळूची दौड. मॅरेथॉनची शर्यत ४२ किलोमीटर व १९५ मीटर असते, हें आतां शाळकरी मुलेंही जाणतात. त्याहून लांब पल्ल्याच्या धांवेस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ही वाळूची दौड सुमारें आठवडाभर चालते आणि तींत सव्वादोनशें ते अडीचशें किलोमीटर अंतर तोडावें लागतें. वाट म्हणावी तर वाट नाहीं. कोठें वाळूच्या टेकड्या, कोठें गोट्यांनीं भरलेलें सपाट माळरान, कोठें कोरडें पडलेलें नदीपात्र. पाणी व रात्रीचा तंबू संयोजक देतात. बाकी सात दिवसांचें अन्न, अंथरूण, औषध, होकायंत्र, सर्व कांहीं ज्यानें त्यानें आपल्या पाठीवर वाहावयाचें.

या दौडीचा जनक पात्रिक बॉएर नांवाचा फ्रेंच गृहस्थ. १९८४ सालीं तो एकटाच पाठीवर अन्नपाणी घेऊन सहाऱ्यांत शिरला आणि बारा दिवसांत सुमारें साडेतीनशें किलोमीटर चालून बाहेर पडला. त्या एकांतवासांत त्यास जें लाभलें, तें इतरांसही लाभावें म्हणून त्यानें १९८६ सालीं पहिली दौड भरविली. त्या वेळीं अवघे २३ स्पर्धक होते. २०१९ मध्यें ती संख्या आठशेंच्या घरांत गेली होती. त्या आठशांत एक माझी धाकटी कन्या होती.

येथें एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. लहानपणीं पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि पुढें सारें आयुष्य त्याच भाषेच्या अध्यापनांत घालविलें. कन्या आठवींत असतांना तिची जिल्ह्याच्या क्रीडास्पर्धेंत लांब पल्ल्याच्या धांवण्यासाठीं निवड झाली. नेमकी त्याच दिवशीं संस्कृत पाठांतराची परीक्षा होती. मीं तिला न विचारतां क्रीडाशिक्षकांस कळवून टाकलें, कीं ती येणार नाहीं. परीक्षेंत तिचा पहिला क्रमांक आला. तें प्रशस्तिपत्र चौकटींत घालून मीं भिंतीवर लावलें व आलेल्यागेलेल्यास कौतुकानें दाखविलें. तिनें त्या शर्यतीचें नांव पुन्हा कधीं काढलें नाहीं. मुलें बोलत नाहींत म्हणजे विसरतात, असा आपणां मास्तर लोकांचा एक सोयीस्कर समज असतो. पुढें तिचें लग्न झालें, दोन मुलें झालीं, आणि तिशी ओलांडल्यावर ती एके दिवशीं पहांटे उठून धांवूं लागली. या दौडीस जाण्याचें ठरलें तेव्हां जांवई मुलांपाशीं राहिले, आणि मी आपण होऊन म्हटलें, “मी येतों बरोबर.” तिला आश्चर्य वाटलें, मला स्वतःलाही वाटलें.

निघण्यापूर्वीं आमच्या घरांत तराजूचें राज्य होतें. नियम असा, कीं पाठीवरची पिशवी पाण्याशिवाय साडेसहा किलोंहून हलकी नसावी व पंधरा किलोंहून जड नसावी. आणि दररोजचे किमान दोन हजार उष्मांक तींत असलेच पाहिजेत. म्हणजे सात दिवसांचे चौदा हजार. शंभर ग्रॅमांस चारशें उष्मांक देणारें अन्न घेतलें, तर साडेतीन किलो भरतें. पांचशें देणारें घेतलें, तर दोन किलो आठशें ग्रॅम. सातशें ग्रॅमांची बचत! सौभाग्यवतींनीं केलेले डिंकाचे लाडू ओलसर म्हणून नापास झाले. सातूचें पीठ, बदाम व शेंगदाणे पास झाले. कन्येनें दांत घासण्याच्या ब्रशाची दांडी करवतीनें कापली आणि औषधांच्या चिठ्ठ्यांच्या कडा कातरल्या. मीं चेष्टेनें विचारलें, “अर्ध्या ग्रॅमानें काय होणार?” ती म्हणाली, “अण्णा, अर्धा ग्रॅम सव्वादोनशें किलोमीटर वाहायचा आहे.”

सौभाग्यवतींची चिंता निराळी होती. १९९४ सालीं मौरो प्रॉस्पेरी नांवाचा एक इटालियन स्पर्धक वाळूच्या वादळांत वाट चुकला व नऊ दिवसांनीं शेजारच्या अल्जीरिया देशांत जिवंत सांपडला, ही कथा त्यांच्या कानीं आली होती. आतां प्रत्येक स्पर्धकापाशीं त्याचा ठावठिकाणा कळविणारें यंत्र असतें, हें मीं परोपरीनें समजाविलें. नापास झालेले लाडू त्यांनीं माझ्या पिशवींत भरले.

मुंबईहून आखाती देशामार्गें कासाब्लांका, तेथून आगगाडीनें माराकेश, आणि पुढें बसगाडीनें ॲटलास पर्वत ओलांडून वारझाझात, असा आमचा मार्ग होता. या घाटाचें नांव तिझी न तिश्का. उंची सुमारें २२६० मीटर. उत्तरेच्या बाजूस हिरवळ व झाडी. माथा ओलांडून दक्षिणेस उतरूं लागलें कीं डोंगर तांबडे व उघडेबोडके होत जातात. पाऊस उत्तरेसच अडतो. घाटमाथ्यावरून देशावर उतरणाऱ्या मनुष्यास हें नवें नाहीं. परंतु आपल्याकडे पर्जन्यछायेंत निदान बाजरी तरी पिकते. येथें छाया उरते, पर्जन्य नाहीं.

वारझाझातहून कन्येस संयोजकांच्या बसगाडीनें पूर्वेकडील वाळवंटांत नेलें. दौडीच्या मार्गावर नातलगांनीं बरोबर फिरावें अशी सोय नसते. निरोप देतांना ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही देश बघा. माझी काळजी करत खोलीत बसू नका.” मीं एक भाड्याची मोटार ठरविली. तिचा चालक पंचविशीचा, अमाझीग जातीचा तरुण होता. बर्बर हें परक्यांनीं दिलेलें नांव; ते लोक स्वतःस अमाझीग म्हणवितात, आणि २०११ सालच्या राज्यघटनेनें त्यांच्या भाषेस अरबीच्या जोडीनें राजभाषेचें स्थान दिलें आहे. त्याचें इंग्रजी व माझें इंग्रजी सारख्याच योग्यतेचें असल्यामुळें आमचें उत्तम जमलें.

जेवणाची धास्ती शाकाहारी वाचकांस वाटेल, म्हणून येथेंच सांगतों. जाड भाकरीसारखा पाव, शंकूच्या आकाराच्या मातीच्या भांड्यांत मंदाग्नीवर शिजविलेल्या भाज्या, ऑलिव्ह व खजूर हीं सर्वत्र मिळतात. वाळलेल्या बाकल्याचें ‘बिसारा’ नांवाचें दाट कढण वर तेल व जिरें घालून देतात. तें खातांना मला घरच्या पिठल्याची आठवण झाली. मात्र भाजीखालीं मांस नाहीं ना, हें प्रत्येक ठिकाणीं विचारून घ्यावें.

पहिल्या दिवशीं तीसेक किलोमीटरांवरील ऐत बेन हद्दू पाहिलें. नदीकांठच्या टेकडीवर एकावर एक रचलेल्या, तांबड्या मातीच्या कुटलेल्या भिंतींच्या घरांची ही तटबंदीची वस्ती. १९८७ पासून ती जागतिक वारशांत गणली जाते. चित्रपटवाल्यांनीं तिला जगभर प्रसिद्धि दिली आहे. पण मातीच्या भिंतीस प्रसिद्धीचा उपयोग नसतो. तिला दर पावसानंतर नवा लेप लागतो. सप्टेंबर २०२३ च्या भूकंपांत, ज्यांत सुमारें तीन हजार माणसें दगावलीं, या वस्तीसही तडे गेले व कांहीं भाग कोसळला, हें वाचून ओळखीच्या घरीं आपत्ति आल्यासारखें मला वाटलें.

तेथून दक्षिणेस द्रा नदीच्या कांठानें झागोऱ्यास गेलों. नकाशावर ही मोरोक्कोंतील सर्वांत लांब नदी. परंतु बहुतेक वर्षीं तिचें पाणी समुद्रापर्यंत पोंचतच नाहीं. जेथवर पोंचतें तेथवर खजुरीचीं बनें आहेत. तेथील शेती तीन मजली असते. वर खजुरीचें छत्र, त्याखालीं डाळिंब, अंजीर, बदाम, आणि जमिनीलगत जव, लसूणघास व मेंदी. खजुरीनें ऊन झेललें नाहीं तर खालचें कांहीं जगत नाहीं. झागोऱ्यांत एक प्रसिद्ध पाटी आहे: तिंबक्तू ५२ दिवस. हा उंटाच्या तांड्याचा हिशेब. तेथून जवळच तामग्रूत गांवीं सतराव्या शतकापासूनचा मठ व त्याचा ग्रंथसंग्रह आहे. हरिणाच्या कातड्यावर लिहिलेलीं जुनीं पानें तेथें पाहिलीं. व्याकरण, ज्योतिष, वैद्यक असे विषय ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढें पाठशाळेंतील रुमालांत बांधलेल्या पोथ्या उभ्या राहिल्या. अक्षर एकही ओळखतां येत नव्हतें. कागदाचा जुनाट वास मात्र पूर्ण परिचयाचा होता.

त्या संध्याकाळीं झागोऱ्याच्या खोलींत मीं कन्येस पत्र लिहिलें. स्पर्धकांस संगणकावरून पत्र पाठवितां येई. संयोजक तीं कागदावर छापून तंबूंतंबूंतून वांटीत. देवनागरी अक्षरें छापतांना चौकोन उमटतील या भयानें संस्कृतच्या या मास्तरानें रोमन लिपींत मराठी लिहिली! आरंभीं प्रकृतीची चौकशी केली, आणि मग जें वीस-बावीस वर्षें तोंडावाटे निघालें नव्हतें, तें लिहिलें: त्या दिवशीं तुला विचारावयास हवें होतें, विचारलें नाहीं, ही माझी चूक. लिहून झाल्यावर वाटलें, कीं अशा वेळीं हें पत्र पाठवावें कीं नाहीं? बिचारी पायाच्या फोडांनीं बेजार असेल. पण हात धजला तोंवरच पाठवून दिलें.

दुसऱ्या दिवशीं पूर्वेस रिस्सानी गांवीं पोंचलों. गांवाशेजारीं मातीचे पडके ढिगारे आहेत. हेंच इ. स. ७५७ मध्यें वसलेलें सिजिल्मासा, सोन्याच्या व मिठाच्या तांड्यांचें एके काळचें श्रीमंत नगर. १३५१ सालीं येथें इब्न बतूता येऊन राहिला होता. महाराष्ट्राच्या इतिहासाची आवड असणाऱ्यांस हें नांव ठाऊक आहे. मोरोक्कोंतील तँजियर शहरीं जन्मलेला हा प्रवासी १३२५ सालीं, एकविसाव्या वर्षीं घर सोडून निघाला. दिल्लीच्या महंमद तुघलखानें त्यास वकील म्हणून चीनकडे पाठविलें, तेव्हां तो आपल्या दौलताबादेवरून व नंदुरबारावरून गेला. तेथील मराठ्यांविषयीं त्यानें नोंदविलें आहे, कीं हे लोक भात, भाज्या व तिळाचें तेल खातात; प्राण्यांस पीडा देत नाहींत; जेवणापूर्वीं स्नान करतात; आणि सात पिढ्यांच्या आंतील नात्यांत विवाह करीत नाहींत. आपल्या आजोबा-पणजोबांचा आचार परक्या मुलखांतील मनुष्यानें इतका नेमका टिपलेला वाचून मौज वाटते. सिजिल्माशांत तो ज्या विद्वानाच्या घरीं उतरला, त्याचा सख्खा भाऊ त्यास पूर्वीं चीन देशांत भेटला होता! एक भाऊ सहाऱ्याच्या तोंडाशीं, दुसरा चीनमध्यें. त्यांच्या वडिलांनीं एकाला तरी जाऊं नको म्हटलें असेल काय, हा विचार त्या ढिगाऱ्यावर बसून लाडू खातांना माझ्या मनांत आला.

त्या भागांतील पाण्याची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. माळावर वारुळांसारख्या मातीच्या ढिगांच्या रांगा दिसतात. प्रत्येक ढिगाच्या मध्यें खोल विहीर, आणि सर्व विहिरींस जोडणारा जमिनीखालचा बोगदा. त्यास ‘खेत्तारा’ म्हणतात. उंचावरील भूजल केवळ उतारानें, उन्हानें न आटतां, कोसच्या कोस गांवापर्यंत येतें. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जो नहर आणला, त्याची जात हीच. आलेल्या पाण्याची वांटणी वेळेवर. बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें वाटीवजा भांडें पाण्यावर तरंगत ठेवावयाचें; तें भरून बुडालें कीं एकाची पाळी संपली. चालक हें सांगूं लागला आणि मी उठून उभा राहिलों. अहो, हें तर आपलें घटिकापात्र! आपण त्यानें विवाहाचा मुहूर्त साधला; त्यांनीं शेताचें पाणी साधलें. दुसऱ्याच्या पाळींत हात घालावयाचा नाहीं, हा तेथील पहिला नियम. तो ऐकून मला आपलें तें जुनें प्रकरण आठवल्यावांचून राहिलें नाहीं.

चौथ्या दिवशीं दौडीचा सर्वांत लांब टप्पा होता. सुमारें ७६ किलोमीटरांचा, दिवस व रात्र मिळून चालण्याचा. स्पर्धकांच्या शेवटीं त्या वेळीं दोन उंट व त्यांचे हांकणारे संथपणें चालत येत. ज्यास उंटांनीं मागें टाकलें, त्याची दौड संपली. दुपारीं वारा सुटला. रिस्सानीच्या गल्लींतूनही वाळू उडूं लागली. मोबाइलच्या पडद्यावर कन्येच्या क्रमांकाचा ठिपका मी पाहात होतों. रात्रीं दहाच्या सुमारास तो एका चौकीवर थांबला. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला, ठिपका हालेना. यंत्र बिघडलें असेल, निजली असेल, पडली असेल, अशी मनाची घालमेल चालली. स्तोत्र म्हणावयास बसलों, तर आयुष्यभर पाठ असलेल्या ओळी विसरूं लागलों. तिला या वाळवंटांत येऊं द्यावयास नको होतें, असेंही एकदा मनांत आलें. आणि लगेच स्वतःची लाज वाटली. छत्तीस वर्षांच्या मुलीस ‘येऊं देणारा’ मी कोण?

एक वाजून चाळीस मिनिटांनीं ठिपका हालला.

सत्तावीस तासांनीं, दुसऱ्या दिवशीं दुपारीं, तिनें तो टप्पा मुदतीच्या आंत पुरा केला. पुढें मॅरेथॉनचा टप्पा व शेवटचा लहानसा टप्पाही पुरा झाला. त्या वर्षीं पुरुषांत पहिला आलेला रशीद एल मोराबिती हा झागोऱ्याकडचाच. त्याचा तो सातवा विजय होता. आमच्या कन्येचा क्रमांक सहाशेंच्या पुढें होता. धाडसाची ही बाजू सांगतांना दुसरीही सांगितली पाहिजे: ऑक्टोबर २०२१ च्या दौडींत उन्हाच्या कहरांत एक स्पर्धक मरण पावला आणि जवळजवळ निम्म्या लोकांस मध्येंच माघार घ्यावी लागली. वर्षानुवर्षांच्या तयारीवांचून कोणीं या वाटेस जाऊं नये.

वारझाझातला बसगाडींतून ती उतरली तेव्हां तोंड रापलेलें, ओंठ फुटलेले, दोन्ही पाय पट्ट्यांनीं बांधलेले. मीं कांहीं विचारलें नाहीं. रात्रीं जेवतांना तिनेंच सांगितलें. त्या चौकीवर तिनें डॉक्टरांकडून फोड बांधून घेतले, दौड सोडण्याचें ठरविलें आणि अंग टाकलें. जाग आली तेव्हां दूर अंधारांत उंटांच्या सोबतचे दिवे दिसत होते. “म्हटलं, ते आल्यावर सोडायचंच आहे, तोवर बसण्यापेक्षा चालू या. मग ते आलेच नाहीत.”

एवढें बोलून तिनें पिशवीच्या कप्प्यांतून चार घड्यांचा एक मळका कागद काढला. माझें पत्र होतें.

“तंबूतल्या सगळ्या जणी पत्रं वाचून टाकून देत होत्या, अण्णा. ओझं नको म्हणून.”

मला हिशेब करण्याची खोड. अशा साध्या कागदाचें वजन पांच ग्रॅम असतें. जिनें ब्रशाची दांडी कापली, तिनें तीन टप्पे हे पांच ग्रॅम वाहिले होते. मला कांहीं बोलवेना. थोड्या वेळानें तीच म्हणाली, “त्या शर्यतीत मी पहिली आले नसते, अण्णा. तिसरी, चौथी आले असते फार तर. पण ते मला कळायला हवं होतं.”

वाचकहो, या वाक्यानें मला जें शिकविलें तें चाळीस वर्षांच्या अध्यापनांत मला उमगलें नव्हतें. मीं तिच्यापासून बक्षीस हिरावलें नव्हतें. स्वतःचें माप घेण्याची तिची पाळी हिरावली होती. मुलांच्या पाठीवर शिदोरी आपणच बांधून द्यावी, हें आईबापांचें कर्तव्य खरें. पण तींतून काय ठेवावें व काय टाकावें, हें चालणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. आपण लाडू भरावे. त्यांनीं ते काढून ठेवले तर रुसूं नये.

भिंतीवरचें तें प्रशस्तिपत्र मीं उतरविलें नाहीं. तेंही तिनेंच मिळविलेलें आहे. आतां नात आठवींत आहे. गेल्या महिन्यांत तिच्या शाळेंत क्रीडास्पर्धांचीं नांवें मागितलीं, तेव्हां मीं मोठ्या उत्साहानें विचारलें, “बाळ, धांवण्यांत नांव द्यावयाचें काय?” तिनें स्वच्छ सांगितलें, “नको आजोबा, मला धावायचा कंटाळा येतो. मला तबला शिकायचाय.”

विचारलें, म्हणून कळलें.